माझ्या कोपऱ्यातली पिवळी तारीख

सर्व वाचकांस सविनय नमस्कार. पुढील लिखाणात एका लहानशा कॅमेऱ्याचा जन्म, त्याची सेवा, त्याची उपेक्षा, त्याचे पुन्हा झालेले कौतुक आणि त्या कौतुकाच्या भरात त्याच्या हातून घडलेले पाप, हे सर्व क्रमाने व त्याच्याच मुखाने कथन केले जाईल. कॅमेऱ्याला मुख नसते, याची जाणीव आम्हांस आहे. परंतु ज्याला विधात्याने केवळ डोळा दिला आणि जीभ दिली नाही, त्याच्या अंतःकरणात किती साठत असेल, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा आणि मगच पुढे वाचावे.

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. अंगाने साबणाच्या वडीएवढा, रंगाने चांदीसारखा, आणि कडांना थोडा खरचटलेला. लग्नातल्या फोटोग्राफरच्या गळ्यात जे मोठे कॅमेरे असतात, त्यांची भिंगे काढता येतात व बदलता येतात. माझे तसे नाही. माझे भिंग माझ्या देहालाच जडलेले आहे. बटण दाबले की ते कासवाच्या मानेसारखे बाहेर येते आणि काम झाले की आत जाते. देवाने दिलेला एकच डोळा, त्यानेच जन्मभर पाहायचे, असे माझे प्रारब्ध आहे.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडले. पुढे मी पुण्यातील एका दुकानाच्या काचेत येऊन बसलो. तेथून मला कैलासने उचलले. कैलास हा कोळवण खोऱ्यातील भातशेतीवाला गडी. त्याच्या घरी मुलगी जन्मली होती आणि तिच्या बारशाला भाड्याचा फोटोग्राफर नको, घरचाच कॅमेरा हवा, अशी त्याची हौस होती. मुलीचे नाव आरोही ठेवले. पाळण्यात डोळे मिचकावणारी आरोही हे माझ्या डोळ्याने पाहिलेले पहिले माणूस होय.

बारशाच्या दिवशीच कैलासने माझ्यातील एक सोय चालू करून ठेवली. प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, पिवळ्या अक्षरांत त्या दिवसाची तारीख उमटे. "म्हंजी पोरगी मोठी झाल्यावर तिला कळंल, कवा काय झालं त्ये," असे तो म्हणाला. त्याचा हेतू किती निर्मळ होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

त्या वर्षांत मी पुष्कळ सेवा केली. भैरवनाथाची जत्रा, भाताच्या आवणीच्या चिखलात ओणवलेल्या बाया, नवा ट्रॅक्टर आला तेव्हा त्याला घातलेला हार, हे सर्व मी टिपले. डोंगराच्या पायथ्याशी कैलासचे जे रान आहे, तेथेही मी अनेकदा गेलो. त्या रानाच्या वरच्या अंगाला गंगू नावाच्या बाईची खोप, म्हणजे कुडाची झोपडी, होती. गंगू डोंगरवाडीवरची. कैलासच्या वडिलांनी तिला व तिच्या नवऱ्याला रान राखण्यासाठी स्वतः बोलावून तेथे बसवले होते. एकदा कैलासच्या वडिलांनी गंगूच्या तान्ह्या मुलाला, तानाजीला, कडेवर घेतले आणि खोपीपुढे उभे राहून माझ्याकडे पाहून हसले. तो फोटो मी काढला, एवढे मला स्मरते. परंतु मित्रांनो, स्मरण आणि पुरावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तो फोटो साठवलेले माझे ते कार्ड पुढे कोठे हरवले, कोणासही ठाऊक नाही. आरोहीचे आजोबा आणि गंगूचा नवरा, दोघेही पुढे निवर्तले.

मग मोबाईल आले. खिशातल्या खिशात फोटो निघू लागले आणि मी कपाटाच्या तळच्या खणात जाऊन पडलो. माझ्या सोबतीला बिनकिल्ल्यांची कुलुपे, कुलुपांविना किल्ल्या आणि एक मोडका चष्मा होता. मी कोणास दोष देत नाही. माझी बॅटरी मेली. माझ्या पोटात एक चिमुकले घड्याळ आहे, तेही काही काळाने थांबले. अशा घड्याळाचा एक दुर्गुण असतो. पुन्हा जीव आला की ते थांबलेला काळ मोजत नाही. ते आपल्या जुन्या जन्मवर्षाच्या पहिल्या तारखेपासून मुकाट्याने नवा संसार सुरू करते, आणि मालकाला एकदाच विचारते की, खरी तारीख सांगता का?

गेल्या होळीला आरोही कॉलेजातून घरी आली. सोबत ऋतिका नावाची पुण्याची मैत्रीण होती. पुरणाच्या पोळ्यांसाठी मोठे पातेले शोधता शोधता आरोहीने तो खण उपसला आणि मी उजेडात आलो.

"पप्पा, हा कॅमेरा कुणाचा?"

"तुजाच की. तुज्या बारशाला घ्येतलेला."

"अय्या! रुतू, बघ ना, माझ्याच वयाचा आहे हा!"

ऋतिकाने मला दोन्ही हातांत असे धरले की जणू अंगारा मिळाला. "अगं वेडे, कॉलेजात सगळे असले कॅमेरे शोधत फिरतायत. जुन्या बाजारात मिळेनात. आणि तुझ्याकडे घरात पडलाय?"

आरोहीची आजी गोजराबाई चुलीपुढून म्हणाली, "आगं, भंगारवाल्याला द्यायचा ऱ्हायला त्यो. कढई दिली, त्यो इसरला."

"आजी, भंगार काय! मोबाईलमध्ये सगळे चेहरे गुळगुळीत येतात, खोटे. यात माणूस आहे तसा येतो."

"मंग माजा नगं काढूस," गोजराबाई म्हणाली.

मित्रांनो, किती वर्षांनी माझ्याविषयी कोणी असे बोलले! माझा ऊर भरून आला. तो अहंकारच मला पुढे भोवला. ऋतिकाने कोठूनशी माझ्या मापाची बॅटरी व नवे कार्ड मागवले, मला जीव आला आणि मी नियमाप्रमाणे पडद्यावर विचारले की, तारीख सांगा. पडद्यावर दोन हजार आठ साल उभे होते.

आरोही बटणाकडे बोट नेत होती, तोच ऋतिका ओरडली, "नको ना लावू! दोन हजार आठ! कसलं भारी दिसेल कोपऱ्यात. लोक मुद्दाम ॲप घेऊन अशी तारीख टाकतात."

आरोही हसली आणि तिने ती तारीख तशीच राहू दिली. मीही राहू दिली. मी दुसरे काय करू शकत होतो, असे तुम्ही विचाराल. मीही रोज स्वतःला हेच विचारतो. उत्तराने समाधान होत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी पायथ्याच्या रानात गेल्या. आता येथे एक गोष्ट नीट समजावून सांगणे माझे कर्तव्य आहे. डोंगरवाडीवरची कुटुंबे दिवाळी सरली की वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि उन्हाळा संपता संपता परततात. जाताना ती आपली खोप उतरवून ठेवतात. वासे, पत्रे, कुडाच्या कारवीच्या काठ्या, सारे बांधून वाडीवर नातलगांकडे ठेवायचे. मात्र चुलीचे तीन धोंडे जागेवरच सोडायचे. धोंडे जागेवर आहेत म्हणजे घरवाली परत येणार आहे, ही त्यांची रीत. गंगूने जन्मभर ती पाळली. परंतु यंदा कैलासने ते रान शहरातील एका माणसाला फार्महाऊससाठी द्यायचे ठरवले होते. गिऱ्हाइकाला जागा मोकळी व सपाट हवी होती. म्हणून दिवाळीनंतर जेसीबी आणून त्याने सारी जागा सारखी करून घेतली होती. चुलीचे धोंडे त्या मातीत गाडले गेले.

आरोहीला यातले काही ठाऊक नव्हते. तिने ऋतिकाला मधोमध उभे केले, ऋतिकाने दोन्ही हात पसरले आणि मी माझा डोळा मिटून उघडला. मागे हिरड्याचे झाड, वर डोंगर, मध्ये निर्मनुष्य सपाट जमीन आणि कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत जुने साल. फोटो सुंदर आला होता. हेच तर दुःख आहे.

तो फोटो आरोहीने घरच्यांच्या मोबाईलवर पाठवला. ऋतिका पुण्याला गेल्यावर एके सकाळी कैलास ओसरीवर बशीतून चहा पीत होता.

"आरू, ह्यो फोटू कवाचा?"

"परवाचाच, पप्पा. तारीख चुकीची आहे. आम्ही मुद्दाम तशी ठेवली."

कैलासने उरलेला चहा एका घोटात संपवला. "चुकीची कशाला? बरी हाय की."

"म्हणजे?"

"म्हंजी काय न्हाई. तुजी मैतरीण तेवढी काप त्यातनं. नुसती जागा ऱ्हाऊ दे."

"कशाला पण?"

"गंगी येईल आता भट्टीवरनं. म्हणंल, मी हितली जुनी. गावकी बसंल. गावकीत जुनी वहिवाट आसंल त्येला उठवत न्हाईत. नवी आसंल तर उठावं लागतं." मग तो मऊ आवाजात म्हणाला, "तुला त्या मोठ्या शाळंत कॅमेराचं शिकाया जायचंय ना? सौदा झाला तर जाशील."

आरोहीने मोबाईल उचलला आणि फोटो उघडला. मग तिने ऋतिकाला कापले. एका बोटाने इकडून, एका बोटाने तिकडून. उरली ती नुसती जागा आणि माझी तारीख.

अक्षय्य तृतीयेनंतर गंगू आणि तिचा मुलगा तानाजी वासे व पत्रे घेऊन आले. कैलासने त्यांना रानात पाऊल टाकू दिले नाही. त्यांचा संसार रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडला. पत्र्यावर घमेले, घमेल्यात कोंबडी. पावसाळा तोंडावर होता आणि त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. सुट्टीला घरी आलेल्या आरोहीच्या खांद्यावरच्या पिशवीतून मी तो ढीग येता जाता पाहत होतो. ती त्या रस्त्याने जाताना मान वळवून चाले.

घरी तिने आजीला विचारले, "आजी, गंगूमावशी खरंच जुन्या आहेत का गं तिथे?"

गोजराबाई तांदूळ निवडत होती. "तुज्या आजानं सवता बोलावून बसवली ती. तू पाळण्यात व्हतीस तवा."

"मग गावकीत सांग ना तू."

"मी? पोटच्या लेकाच्या तोंडावर? आन् बायामाणसांचं कोण ऐकतंय तितं?" तिने एक खडा बाजूला टाकला. "तू बी गप बस. बाप हाय तुजा."

अशा रीतीने एका घरात तीन जणांना सत्य ठाऊक होते आणि तिघेही गप्प होते. मित्रांनो, त्या तिघांत माझी गणना केलेली नाही. मी चौथा.

गावकी भैरवनाथाच्या सभामंडपात बसली. मधोमध हैबतराव. तो गावातील सर्वांत वयोवृद्ध, दात सगळे पडलेले, परंतु शब्दाला मान होता. कैलासने फोटो मोठा करून, वर चकचकीत प्लॅस्टिक चढवून आणला होता. तो या हातातून त्या हातात फिरू लागला.

"कैलास म्हनतो, ही चार सालामागं आली," हैबतराव म्हणाला. "गंगे, तू म्हनतीस लई जुनी. आमी काय साल मोजत बसलो न्हाई. खोपटं तुमची, आज ह्या बांधाला, उद्या त्या बांधाला. पन ह्या फोटूत दोन हजार आठ लिवलंय, आन् जागा मोकळी हाय."

"तवा आमी भट्टीवर आसू, दादा," गंगू म्हणाली.

"आसशील. पन चुलीचं धोंडं? त्ये तर ठेवून जाता ना तुमी?"

फोटो गंगूच्या हाती आला. तिने तो दूर धरला, जवळ घेतला, हिरड्याचे झाड ओळखले. मग तिने बोटाने ती जागा चाचपली, जणू प्लॅस्टिकखालून धोंडे हाताला लागतील.

"जागा हीच. हिरडा बी ह्योच." तिचा आवाज खाली गेला. "मी तर दरसाली धोंडं तितंच ठेवती. माजा तानाजी तितंच जल्मला आसं मला वाटत व्हतं."

"आये, वाटत व्हतं काय, हायेच!" तानाजी मागून उसळला.

"आरं, पर ह्यात न्हाई ना दिसत." तिने फोटो मांडीवर ठेवला. "मी आडानी, मला साल कुटं कळतंय. माजंच चुकत आसंल. यंतर कशाला खोटं बोलंल?"

हे शब्द ऐकून माझ्या काळजाचे पाणी झाले. कैलासवर तिने विश्वास ठेवला नाही, गावकीवर नाही. तिने माझ्यावर ठेवला. आणि माझ्यावरील त्या विश्वासापायी ती स्वतःच्या बाळंतपणाची जागासुद्धा सोडून द्यायला तयार झाली. याहून मोठा चोर कोण असेल? दागिना नेणारा चोर परवडला.

आरोही मंडपाच्या खांबापाशी उभी होती. ती पुढे सरकली. "हैबतआबा, मला—"

"पोरी, मोठी मानसं बोलत्यात. मदी बोलू नगंस," हैबतराव म्हणाला.

"आरू, घरी जा," कैलास म्हणाला.

ती घरी गेली नाही. आणि बोललीही नाही. तिने पिशवीत हात घातला, मला बाहेर काढले, माझा डोळा उघडला आणि साऱ्या गावकीवर रोखला. लख्ख उजेड पडला. म्हातारे डोळे चोळू लागले.

"आगं, ह्ये काय चालवलंस?" कोणीतरी खेकसले.

तिने मला सरळ हैबतरावाच्या हातात दिले. माझ्या छोट्याशा पडद्यावर सगळी गावकी बसलेली दिसत होती. गंगूच्या मांडीवर तो फोटो होता. कैलास उठण्याच्या बेतात होता. मधोमध हैबतराव, तोंड उघडे, आणि कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत दोन हजार आठ साल.

हैबतरावाने चष्मा कपाळावरून खाली ओढला. पुन्हा पाहिले. शेजाऱ्याला दाखवले.

"आयला," तो म्हणाला, "दोन हजार आठात तर मला दात व्हतं सगळं!"

"आन् मी काळ्या केसांचा व्हतो," शेजारचा म्हणाला. एक दोघे हसले. मग हसणे हळूहळू विरले. कारण एकेकाला उमगत गेले आणि ज्याला उमगे, तो कैलासकडे पाहून दुसरीकडे पाही.

"आजचा फोटो आहे हा, आबा," आरोही म्हणाली. आता तिला कोणी अडवले नाही. "आणि तोही यंदाचाच. होळीचा. तारीख मी मुद्दाम खोटी ठेवली होती, मजा म्हणून. जागा जेसीबीने सपाट केली होती. तो फोटो मीच कापून दिला. मला माहीत होतं कशासाठी ते."

कैलासने चपला शोधल्या. जाताना तो लेकीपाशी थांबला.

"सवताच्या बापाला चारचौघांत उघडं पाडलंस."

"तुम्ही मला कापायला सांगितलंत, पप्पा. आणि मी कापलं," ती म्हणाली. "मला तेच सहन होत नाहीये."

कैलास निघून गेला. त्याला मी दुष्ट म्हणणार नाही. लेक मोठी झाल्यावर तिला कळावे, कवा काय झाले, म्हणून तारीख चालू करणारा तोच होता. गावकीने ठरवले की गंगूची खोप होती तेथेच उभी राहील. सौदा मोडला की नुसता लांबला, हे मला ठाऊक नाही. त्या घरात बाप आणि लेक आजही जेवताना एकमेकांच्या ताटाकडे पाहत नाहीत. गोजराबाई दोघांना वाढते.

दुसऱ्या दिवशी आरोही पायथ्याच्या रानात गेली. वाटेत एका दगडावर बसून तिने माझे घड्याळ लावले. साल, महिना, दिवस, एकेक आकडा तपासून. मग ती गंगूपुढे जाऊन उभी राहिली. गंगू खड्ड्यात मेढ, म्हणजे खोपीचा आधाराचा खांब, रोवत होती. तानाजी जेसीबीने उलथलेल्या मातीत कुदळीने धोंडे हुडकत होता.

"मावशी, माझी चूक झाली."

गंगूने वर पाहिले नाही. "चूक? ताकात मीठ जास्त पडलं, तर ती चूक, बाई. ह्ये दुसरंच काय तरी व्हतं."

आरोहीचे डोळे भरले. गंगूने ते पाहिले असावे.

"रडत हुबी ऱ्हाऊ नगंस," ती म्हणाली. "ही मेढ धर हिकडं. सरळ धर. कलती धरलीस तर समदं खोपाट कलतं."

आरोहीने मला बाजूच्या दगडावर ठेवले आणि दोन्ही हातांनी मेढ धरली. त्या दिवशी तिने एकही फोटो काढला नाही. मी दगडावरून नुसते पाहत होतो.

मित्रांनो, खोप उभी राहिली म्हणून माझे पाप फिटले, असे मी मानत नाही. कैलासने गावकीआधी लोकांना पाठवलेला तो कापलेला फोटो अजून कित्येक मोबाईलांत फिरत आहे. तो मी परत बोलावू शकत नाही. न जाणो, उद्या कोणीतरी तो पाहील आणि म्हणेल, पाहा, तेव्हा येथे कोणीच राहत नव्हते.

आज आमच्या जातीला पुन्हा बरे दिवस आले आहेत. खणाखणांतून, पेट्यापेट्यांतून आम्ही बाहेर येत आहोत आणि तरुण मुले आम्हांला छातीशी धरत आहेत. त्यांचे प्रेम खरे आहे आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. माझी एवढीच विनवणी आहे. आमचे भिंग मऊ फडक्याने पुसा, आम्हांला दमटपणापासून जपा आणि बॅटरी मरू देऊ नका. परंतु या सर्वांच्या आधी, आम्ही तारीख विचारू तेव्हा खरे सांगा. जुनेपणाची हौस जरूर करा. पण जुनेपणाचे सोंग आमच्या तोंडी देऊ नका. आम्हांला शपथ घेता येत नाही, तरी लोक आम्हांला साक्षीदार मानतात. आणि ज्यांच्याजवळ स्वतःच्या आयुष्याचा एकही फोटो नाही, ते आमच्यावर सर्वांत अधिक विश्वास ठेवतात.

येथे हे कथन संपवतो. काही अधिकउणे लिहिले गेले असल्यास वाचकांनी उदार मनाने पोटात घालावे. आपण वेळ काढून एका मुक्या वस्तूचे शेवटपर्यंत ऐकलेत, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
वाल्मीक सखाराम ढमाले
कोळवण खोरे, तालुका मुळशी